खोका

खोक्याच्या अंगावर कायम दुसऱ्याचं नाव असतं. बिस्किटाचं, साबणाचं, मिक्सरचं, गोडेतेलाचं. टीव्ही भंगारात जाऊन किती वर्षं झाली हे घरात कुणाला आठवत नाही, तरी माळ्यावरचा खोका 'टीव्हीचा खोका'च राहतो. त्यात आता गणपतीचं सामान, बिघडलेली इस्त्री आणि कुणाच्या तरी दहावीच्या वह्या नांदत असतात. हा खोका कुठल्या गिरणीच्या कागदाचा, त्याला पिना कुणी मारल्या, हे आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही. त्यालाही त्याची खंत असावी असं दिसत नाही. माल पोचवायचा आणि पोचला की बाजूला व्हायचं, एवढाच त्याचा बाणा.

मुंबईच्या बोलीत एक कोटी रुपयांना खोका म्हणतात आणि अलीकडच्या राजकारणाने तर त्याला थेट घोषणेत नेऊन बसवलं. त्या खोक्याशी आपल्या खोक्याचं दूरचंही नातं नाही. आपला खोका किलोवर जातो.

कागद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वही येते, वर्तमानपत्र येतं, सात-बाराचा उतारा येतो. सरस्वतीच्या माहेरचा कागद. त्याला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. खोक्यावर मात्र पोरं उभी राहतात, हमाल बूड टेकतात, मांजर पिल्लं घालते, आणि नमस्काराचा प्रश्नच येत नाही. पण भारतातल्या कागदधंद्याचा हिशेब मांडायला बसलं तर लिहिण्या-छापण्याचा कागद आता धाकट्या पातीत जाऊन बसतो. देशात तयार होणाऱ्या कागद-पुठ्ठ्यातला निम्म्याहून अधिक माल बांधायला, भरायला आणि वाहून न्यायला लागतो. वाचायचा कागद कमी, उचलायचा जास्त. माणशी वर्षाला १५-१६ किलो एवढाच आपला कागदाचा खप. जगाची सरासरी ५० किलोंच्या वर आहे. आणि या १५-१६ किलोंमध्ये ताटावर सर्वात मोठा हात मारतो तो हा तपकिरी गृहस्थ.

बाहेरून तो चौकोनी, सपाट, सरळमार्गी दिसतो. आतून वळणांचा आहे. एखादी कड बोटांनी सोलून पाहा. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक लाटालाटांचा कागद स्टार्चने चिकटवलेला सापडेल. सगळी ताकद त्या लाटांत. छपराचा पन्हळी पत्रा ज्या युक्तीने वाकत नाही तीच युक्ती इथे कागदाला शिकवली आहे. या युक्तीचा जन्म मात्र हमालीसाठी झाला नाही. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये हिली आणि ॲलन या दोघांनी तिचं पेटंट घेतलं ते साहेबांच्या उंच टोप्यांना आतून लावायच्या अस्तरासाठी. पंधरा वर्षांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तोच लाटांचा कागद बाटल्यांना आणि कंदिलाच्या काचांना गुंडाळायला घेतला, मग १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँगने लाटेला सपाट कागदाची साथ दिली. साहेबाच्या डोक्यावरून उतरून खोका असा बाजारात आला, आणि बाजारातच रमला.

खोक्याच्या कारखान्यात त्याची कुंडली दोन आकड्यांत मांडतात. एक जीएसएम, म्हणजे चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. दुसरा बीएफ, म्हणजे बर्स्ट फॅक्टर. कागद फुटण्याआधी वजनाच्या मानाने किती दाब सोसतो त्याचं माप. मग बोलणं होतं ते असं: बाहेरचा २० बीएफ, आतला १६, थ्री प्लाय की फाइव्ह प्लाय, आणि दर काय लावणार? गिऱ्हाईक दर ओढतं तेव्हा सौदा तुटत नाही, आतली लाट हलकी होते. अमुक बीएफचा सांगून त्याखालचा कागद घालणं ही या धंद्यातली जुनी वहिवाट आहे. बाहेरून काही कळत नाही. कळतं ते गोदामात, सातव्या थराखालचा खोका पोटात बसला की.

आता ही ताकद मुळात येते कुठून? इथे खोक्याच्या कुळाची गोष्ट निघते, आणि ती त्याच्या रूपावरून वाटतं तेवढी देशी नाही.

कागद म्हणजे झाडाचे तंतू एकमेकांत गुंतवून वाळवलेला पापुद्रा. तंतू जितका लांब तितकी पकड घट्ट. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडाचा तंतू ३ मिलिमीटरच्या आसपास भरतो. आपल्याकडे शेतात लावतात त्या निलगिरीचा आणि सुबाभळीचा जेमतेम एक. बांबू या दोघांच्या मधला, म्हणून तर १९४५ मध्ये वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरच्या गिरणीची स्थापना झाली, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूच्या भरवशावर. पण बल्लारपूरचं घराणं पांढऱ्या कागदाचं. वह्या-पुस्तकांतल्या त्या सोवळ्या कागदाची आणि आपल्या खोक्याची पंगत एक नाही.

खोक्याचं घराणं उगवलं ते सत्तरच्या दशकातल्या कागदटंचाईत. तेव्हा वह्यांना कागद मिळेना. मोठ्या गिरण्या उभारायला पैसा नव्हता आणि बांबूला मर्यादा होत्या. सरकारने परदेशातली जुनी, वापरलेली यंत्रं आणायला मोकळीक दिली आणि छोट्या गिरण्यांना करात सवलत दिली. इंग्लंड-युरोपात मोडीत निघालेली यंत्रं बोटीतून आली आणि ठिकठिकाणी पुन्हा उभी राहिली. उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरच्या उसाच्या पट्ट्यात चिपाड आणि गव्हाचा पेंढा शिजू लागला. गुजरातेत वापीला रद्दी शिजू लागली, पुढे मोरबीही त्यात आलं. जुनं यंत्र, उष्टा कच्चा माल आणि हाताशी स्वस्त माणूस, अशा मुहूर्तावर आपला खोका जन्माला आला. आजही देशातल्या कागदापैकी सुमारे तीन चतुर्थांश रद्दीपासून होतो. खोक्याचा तर जवळजवळ सगळाच.

पण आपल्याच रद्दीतून आपलाच खोका किती वेळा करणार? दर फेरीला तंतू तुटतो, आखूड होतो, कडक होतो, त्याची पकड जाते. पाच ते सात फेऱ्या झाल्या की त्याच्यात काही उरत नाही. म्हणून दर वेळी लगद्यात थोडा ताज्या दमाचा लांब तंतू घालावा लागतो. आपल्याकडे कागदासाठी तोडायला पाइनची जंगलं नाहीत. मग तो तंतू येतो तो अमेरिकेतून, आणि तोही खोक्याच्याच रूपाने. जॉर्जिया-अलाबामाकडच्या पाइनचा खोका तिकडच्या कुणाच्या तरी घरी संत्री किंवा बूट पोचवतो, फेकला जातो, दाबून गठ्ठ्यात बांधला जातो आणि कंटेनरमधून मुंद्र्याला नाहीतर न्हावाशेव्याला उतरतो. तिथून वापी. धंद्यात या मालाला 'ओसीसी' म्हणतात आणि दर आठवड्याला त्याचा भाव पाहिला जातो, गृहिणी सोन्याचा पाहतात त्याहून बारकाईने. परक्याच्या घरातला टाकून दिलेला खोका हा आपल्या खोक्याचा खानदानी पूर्वज. सासवडच्या किराणा दुकानासमोर पडलेल्या खोक्याच्या अंगात अलाबामाचं झाड असू शकतं.

वापीच्या गिरणीत त्या गठ्ठ्याचं स्वागत पाण्याने होतं. पल्पर नावाच्या प्रचंड हौदात खाली पातं फिरत असतं आणि वर भोवरा. गठ्ठा आत पडला की दहा-पंधरा मिनिटांत त्याचा खिमा. पण रद्दीत कागदाखेरीज पुष्कळ काही असतं: सेलोटेप, पिना, बांधायच्या तारा, प्लॅस्टिकच्या पिशव्या. हौदात एक दोर सोडून ठेवलेला असतो, आणि ही सगळी भुतावळ फिरता फिरता त्याला वेटोळं घालते. मग तो दोर हळूहळू वर ओढत राहायचा. मांडीएवढा जाड, काळा, तारांनी आणि प्लॅस्टिकने सुजलेला तो दोर गिरणीच्या मागच्या अंगणात येऊन पडतो. खोक्याच्या पूर्वायुष्यातल्या सगळ्या भानगडी त्या एका दोरात. उरलेला लगदा चाळण्यांतून गाळत, पातळ करत यंत्राच्या तोंडाशी पोचतो तेव्हा शंभर भागांत ९९ भाग पाणी असतं आणि तंतू एक भाग. तो फिरत्या जाळीवर सांडतो, दाबला जातो, वाफेच्या तापलेल्या रुळांवरून धावतो आणि पलीकडे कागद म्हणून गुंडाळला जातो. आपण जिला मोठ्या थाटात कागदाची गिरणी म्हणतो तिचा खरा उद्योग पाणी काढून टाकण्याचा.

आता खोक्याची थोडी पोकळ ऐटही सांगायला हवी. रद्दीचा लगदा खरं तर राखी, मळकट निघतो. गिऱ्हाइकाला तर खणखणीत तपकिरी हवा, कारण नव्या लाकडाचा दणकट कागद तसा दिसतो. म्हणून लगद्यात रंग घालतात, आणि बाजारात 'गोल्डन' नावाचा कागद मिळतो. खोक्याच्या अंगावरची ती सोनेरी झाक बरेचदा लावलेली असते. या वयात केस काळे करणारी माणसं आपण पाहतोच.

खोक्याच्या आयुष्यात सर्वात मोठी उलथापालथ झाली ती चीनमुळे. जगभरच्या रद्दीचं सर्वात मोठं गिऱ्हाईक चीन होता. २०१८ पासून त्याने मिश्र रद्दी घेणं थांबवलं आणि १ जानेवारी २०२१ पासून घनकचऱ्याची आयात पूर्णच बंद केली. रद्दी दारात नको, पण रद्दीपासून केलेला कागद चालेल! मग आपल्या काही गिरण्यांनी अमेरिकेची रद्दी इथे आणून, इथल्या पाण्यात धुऊन, रोल करून चीनला पाठवायला सुरुवात केली. घाण इथे, कागद तिथे. देशातला क्राफ्ट कागद, म्हणजे खोक्याचाच तपकिरी कागद, महागला आणि खोके करणारे हजारो छोटे कारखानदार हातावर हात धरून बसले. त्यांच्या संघटनेने निर्यात रोखा म्हणून सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या. त्याच सुमारास मुझफ्फरनगरकडे आयात रद्दीच्या गठ्ठ्यांतून निघणाऱ्या परदेशी प्लॅस्टिकचे ढीग आणि ते जाळल्याचा धूर बातम्यांत आला. परदेशी पाहुण्याबरोबर त्याचं सामानही येतं, ते ठेवायचं कुठे, हे पाहुण्याला बोलावताना कुणी ठरवलं नव्हतं.

देशी नातेवाईक वेगळ्या वाटेने येतात. पुण्यात पहाटे कचऱ्याच्या ढकलगाड्या निघतात. त्या ढकलणाऱ्या बहुतेक बायका. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि सहकाऱ्यांनी त्यांची संघटना बांधली तेव्हा तिचं नाव ठेवलं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नावात कागद सगळ्यात पुढे आहे, आणि रोजच्या वजनकाट्यावरही पुठ्ठ्याचं वजन मोठं असतं. या बायका खोका उचलतात, पायाने दाबून चपटा करतात, पिना-टेप बघतात, कोरडा निराळा, ओला निराळा ठेवतात. वेचकबाईकडून भंगारवाला, त्याच्याकडून घाऊक व्यापारी, मग गठ्ठे बांधणारा, मग गिरणी. या वाटेत पाणी मारून वजन वाढवायचे प्रकार चालतात, म्हणून गिरणीच्या फाटकावर गठ्ठ्यात सळई खुपसून ओल मोजतात आणि तेवढे पैसे कापतात. ही कपात खाली सरकत सरकत जिथे पोचते तिथे ढकलगाडी उभी असते.

आपण रद्दीतून एवढा कागद करतो याचं हल्ली परिषदांमधून फार कौतुक होतं. 'चक्रीय अर्थव्यवस्था' वगैरे. मला ते कौतुक पुरतं पचत नाही. आपण पर्यावरणाच्या प्रेमापोटी रद्दीकडे वळलो नाही. लाकूड नव्हतं, १९८८ च्या वनधोरणाने गिरण्यांना जंगलाकडे न बघता शेतकऱ्यांकडून लाकूड घ्यायला सांगितलं, ते योग्यच होतं. भांडवलही तुटपुंजं. मात्र ढिगाऱ्यातून पुठ्ठा निवडायला माणूस होता, आणि त्याच्या दिवसाची किंमत फारशी कुणाला मोजावी लागत नव्हती. खोक्याच्या काटकसरीचं श्रेय द्यायचंच असेल तर ते व्यासपीठावरच्या माणसांच्या आधी त्या गाडीपाशी द्यावं लागेल, आणि तेही टाळ्यांपेक्षा किलोच्या दरात.

खोक्याचा एकच शत्रू, पाणी. पाण्यातून जन्मलेला हा प्राणी पाण्यालाच घाबरतो. नुसत्या दमट हवेतही त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून त्याच्या अंगावर छत्रीचं चित्र छापतात. जुलै महिन्यात मशीद बंदरला टेम्पोतून उतरणाऱ्या खोक्यावरची ती छत्री पाहावी; खाली खोका भिजून लोळागोळा झालेला, वर छत्री कोरडी ठणठणीत. काचेच्या पेल्याचं चित्रही असतं. हमालाने ते कधी पाहिलेलं नाही, आणि डोक्यावर खोका असताना पाहणार तरी कसं?

तरीही अवघड कामगिऱ्यांना तोच जातो. दिंडोरी-निफाडची द्राक्षं रॉटरडॅमला निघतात तेव्हा ५ किलोंचा खोका तीन-चार आठवडे शून्याच्या आसपासच्या थंडीत, ओलसर हवेत, एकावर एक रचून उभा राहतो. तिथे गोल्डन रंगाची ऐट चालत नाही, नव्या लाकडाचा लांब तंतूच लागतो. कोकणात हापूसची लाकडी पेटी आणि तिच्यातला भाताचा पेंढा अजून आहे, पण डझनाचा आंबा खोक्यातच घरी येतो. हिमाचलात सफरचंदाच्या पेट्यांसाठी जंगलातली झाडं पडत होती, ती खोक्याने वाचवली. मात्र तिथे त्याने शेतकऱ्याला बुडवायलाही मदत केली. दोन भागांचा, एकात एक सरकणारा खोका वर उचलला की आत आणखी थर मावतात. अडत्या भाव द्यायचा खोक्यावर, आणि शेतकरी २० किलोंच्या जागी ३० किलोंपर्यंत फळ भरून मोकळा व्हायचा. शेवटी २०२४ च्या हंगामात सरकारने न लांबणारा, एकसंध खोका सक्तीचा केला. लांबायची सोय काढून घेतली तेव्हा कुठे वजनाचा हिशेब ताळ्यावर येऊ लागला.

पोटातला माल निघाल्यावरचं त्याचं आयुष्य तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. जुहूच्या चौपाटीवर त्याचाच तुकडा कणसाच्या निखाऱ्यांना वारा घालतो. वाण्याच्या पोत्यात खोचलेली 'तूरडाळ' अशी भावाची पाटी त्याच्याच पाठीवर असते. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरात पुठ्ठा जाऊन बसला; कमानी, खांब, कळस, सगळं पुठ्ठ्याचं. माळ्यावर गणपतीचं सामान सांभाळणारा शेवटी गणपतीच्या शेजारी पोचला. २०२० च्या जुलैत दिल्लीला छतरपूरच्या कोविड केंद्रात हजारो रुग्णांच्या खाटा पुठ्ठ्याच्या होत्या. माणूस पेलायची वेळ त्याच्यावर आली आणि तेही त्याने पेललं.

पुन्हा रद्दी, पुन्हा पल्पर, पुन्हा कागद. एक फेरी अशी येते की तंतू इतका आखूड झालेला असतो की जाळीवर थांबतच नाही, पाण्याबरोबर खाली गळतो. गिरणीच्या पाण्यातून हा गाळ काढून वाळवतात. फेकला तर प्रदूषण मंडळाची नोटीस, म्हणून गिरण्यांच्या आसपासचे छोटे उद्योजक तो घेऊन जातात. त्याला बीएफ विचारायचा नसतो, जीएसएमही नाही. साच्यात घालून, दाबून, उन्हात वाळवून त्याचे करडे, खडबडीत ट्रे करतात, पाच बाय सहाचे, आणि प्रत्येकात तीस अंडी राहतात. सायकलच्या कॅरिअरला असे सात-आठ ट्रे एकावर एक बांधून अंडेवाला खड्ड्यांतून सायकल हाणत असतो, आणि बहुतेक वेळा अंडी फुटत नाहीत.